दीर्घ आजार, घरची शुश्रूषा आणि आपली इच्छा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हाच विषय मिळायचा. पण मी सेक्रेटरींना विनंती केली की विषय थोडा बदलू द्या. आर्थिक नियोजनाचं शेवटी बोलतोच, पण आधी दुसरं एक बोलायचं आहे.

2001 साली आपण इथे राहायला आलो, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. पहिल्या सर्वसाधारण सभेत भांडण झालं ते मुलांच्या सायकली आणि क्रिकेटच्या बॉलने फुटणाऱ्या काचांवरून. मागच्या वर्षीच्या सभेत चर्चा कशावर झाली? व्हीलचेअरसाठी उतार कुठे करायचा, लिफ्टमध्ये स्ट्रेचर उभं न करता मावतं का, आणि रात्री ब्युरोची मावशी आली तर वॉचमनने नोंद कशी करायची यावर. पंचवीस वर्षांत आपला विषय कुठून कुठे आला बघा! इमारतीबरोबर आपणही पंचवीस वर्षांनी मोठे झालो. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण करून घेतलं. माणसांचं राहिलं आहे.

मी डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. माझी पत्नी दहा वर्षं पार्किन्सनने आजारी होती, आणि त्यातली शेवटची चार वर्षं जवळजवळ अंथरुणाला खिळलेली होती. तुमच्यापैकी बरेच जण तिला काकू म्हणायचात, काही जण तिच्या हाताखाली गणितही शिकलात. त्या दहा वर्षांत डॉक्टरांकडून, घरी येणाऱ्या नर्सबाईंकडून आणि मावशींकडून जे शिकलो, तेच सांगतो. औषधांचं डॉक्टरांना विचारा. मी सांगणार आहे ते औषधांच्या दोन वेळांच्या मधल्या तासांबद्दल.

पहिली गोष्ट. ताप येतो आणि जातो. हाड मोडतं आणि जुळतं. मधुमेह, दमा, हृदयाचं दुखणं, किडनीचा विकार, पक्षाघातानंतरचं अधूपण, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश हे तसं नसतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर काही खाती मुदत ठेवीसारखी असतात, तारीख आली की मिटतात. हे चालू खातं आहे. रोज व्यवहार, रोज नोंद, रोज ताळमेळ. घरच्यांनी हे एकदा मनाशी नीट धरलं की 'बरं कधी वाटणार?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'आजचा दिवस बरा कसा जाईल?' हा प्रश्न पुढे येतो. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं आहेत.

म्हणून आमच्या घरात आधी आली ती वही. दोनशे पानी, साधी. रकाने आखले: वेळ, औषध, काय खाल्लं, पाणी किती, लघवी-शौच, झोप, आणि शेवटी 'शेरा'. बँकेत चाळीस वर्षं लेजर बघितल्यामुळे हात बसलेला होता. पण फायदा लगेच दिसला. डॉक्टर विचारायचे, 'हात कधी जास्त कडक होतात?' आणि घरातला प्रत्येक जण वेगळं सांगायचा. वही पाहिल्यावर कळलं की गोळीची वेळ जवळ आली की कडकपणा वाढतो. पार्किन्सनमध्ये गोळीची वेळ फार महत्त्वाची. नऊची गोळी म्हणजे नऊ, पावणेदहा नव्हे. मग डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्या. आमच्या डॉक्टरांनी गोळी जेवणाच्या आधी द्यायला सांगितली, कारण डाळी-दुधातल्या प्रथिनांमुळे काहींना तिचा गुण कमी येतो. आणि ही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते. वहीच्या पहिल्या पानावर आजाराचं नाव, औषधांची पूर्ण यादी, कशाची ॲलर्जी आणि दोन फोन नंबर लिहिले. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे गेलं की ते पान आधी दाखवायचं. उलटीवरची काही नेहमीची औषधं पार्किन्सनच्या रुग्णाला चालत नाहीत, हे दुसऱ्या आजारासाठी बघणाऱ्या डॉक्टरला पान दाखवल्याशिवाय कळणार कसं?

दुसरी गोष्ट, त्वचा. अंथरुणावरच्या माणसाला पाठीला, माकडहाडाला, टाचांना, खुब्याला, कोपरांना जखमा होतात. त्याला बेडसोअर म्हणतात. शरीराचं वजन एकाच जागी तासन्‌तास पडलं की तिथला रक्तपुरवठा बंद होतो आणि कातडी आतून मरायला लागते. वर फक्त लाल डाग दिसतो. नर्सबाईंनी मला बोटाची परीक्षा शिकवली. लाल जागेवर बोट दाबून उचला. जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर जखम सुरू झाली असं समजा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. त्या लाल जागेला चोळायचं नाही. तेल लावून मालिश करण्याची आपली हौस तिथे घातक ठरते.

उपाय एकच, पण कंटाळवाणा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी, पाठ, उजवी. आम्ही भिंतीवर पुठ्ठ्याचं घड्याळ लावलं होतं. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. ती मदतनीस आहे, बदली कामगार नव्हे! माणसाला ओढून वर सरकवायचं नाही, कातडी घासते. कमरेखाली एक आडवी चादर घालून ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंनी चादर धरून उचलायचं. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटरीखाली उशी. डायपर ओला झाला की लगेच बदलायचा, पुसताना टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

तिसरी गोष्ट, घास. हे फार कमी घरांत माहीत असतं. पार्किन्सन, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांत गिळण्याची क्रिया मंदावते. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. आपल्याला वाटतं, पातळ दिलं की सोपं जाईल. प्रत्यक्षात अशा माणसाला सगळ्यात अवघड असतं ते साधं पाणी, कारण ते पटकन घसरतं. ताटात काय द्यायचं, किती घट्ट द्यायचं, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्या. आमच्याकडे मऊ भात, घट्ट वरण, लापशी, खीर यांवर दिवस जायचे. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा. पलंगावर आडवं ठेवून कधीही भरवायचं नाही. छोटा चमचा, हनुवटी किंचित खाली, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं. जेवताना खोकला येत असेल किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरल्यासारखा होत असेल तर ती धोक्याची खूण. आणि तोंडाची स्वच्छता दिवसातून दोनदा, दात नसले तरी. तोंडातले जंतूच लाळेबरोबर छातीत उतरतात.

चौथी गोष्ट, पडणं. पार्किन्सनमध्ये चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, विशेषतः दारात. अशा वेळी हात धरून ओढलं तर माणूस पडतोच. थांबायचं, 'एक-दोन, एक-दोन' असा ताल द्यायचा. आम्ही दारात जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्या ओलांडायच्या म्हटलं की पाऊल उचललं जायचं. पायपुसणी आणि सुटे गालिचे त्याच दिवशी माळ्यावर टाकले. बाथरूममध्ये दोन बार बसवले. माझी सूचना आहे की सोसायटीत कोणी बाथरूमचं काम काढलं तर वय काहीही असो, बार बसवूनच घ्या. टाईल्स नंतर फोडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आता ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही त्याच्याबद्दल. सेवा करणारा. आल्यागेल्याने 'काकू कशा आहेत?' विचारायचं आणि मी 'ठीक' म्हणायचं, हा रिवाज होता. एकदा समोरच्या वहिनींनी विचारलं, 'भाऊ, तुम्ही काल रात्री किती तास झोपलात?' मला उत्तर देता येईना, घसा दाटून आला. त्या आठवड्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन तास त्या येऊन बसायच्या आणि मी खाली चालायला जायचो. तळमजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, आता नोकरीला आहे, कूस बदलायला रात्री अकराला वर यायचा. 'काका, मी जागाच असतो, मोबाईलवरच असतो' म्हणायचा. चार वर्षांत माझ्या पत्नीला पाठीला एकही जखम झाली नाही. त्यात त्या मुलाच्या मोबाईलचाही वाटा आहे!

हसण्यावारी नेऊ नका. शेजाऱ्यांनी मिळून रुग्ण सांभाळायचं काम केरळने फार व्यवस्थित उभं केलं आहे. 1993 साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं केंद्र सुरू केलं आणि पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत गावोगावचे साधे लोक थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्यातून काही तास घरोघरी जाऊ लागले. 2008 मध्ये केरळ सरकारने त्यासाठी धोरणच केलं. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार हटवता येत नसला तरी त्रास हटवता येतो, असं मानून वेदना, दम, भीती, झोप, घरच्यांची ओढाताण या सगळ्यांवर इलाज करायचा. आपल्याकडेही मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन 1986 पासून कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी काम करतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. एक गैरसमज मात्र काढून टाका. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे 'आता काही उरलं नाही' असं नव्हे. ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, चालू उपचारांच्या बरोबरीने घेता येते. जितकी लवकर, तितकी बरी.

आता अवघड भागाकडे येतो. इथे मुलं-सुना बसल्या आहेत हे चांगलंच आहे.

दीर्घ आजारात एक दिवस असा येतो की रुग्ण बोलू शकत नाही आणि बाहेर डॉक्टर विचारतात, 'व्हेंटिलेटरवर ठेवायचं का? नाकातून नळी घालायची का?' तेव्हा घरचे एकमेकांकडे बघतात. जो 'नको' म्हणेल तो आयुष्यभर मनात धरून बसतो की मीच घालवलं. म्हणून सगळे 'करा, सगळं करा' म्हणतात. पण ज्याच्या शरीरावर ते सगळं होणार, त्याला कोणी विचारलेलं नसतं. विचारायची वेळ आधीच निघून गेलेली असते.

माझ्या पत्नीने हा विषय स्वतःच काढला. 2023 च्या उन्हाळ्यात. आवाज अगदी बारीक झाला होता, कान तोंडाजवळ न्यावा लागायचा. म्हणाली, 'मला कळतंय तोवर माझ्याकडून लिहून घ्या.' गणिताची शिक्षिका, तिने मुद्देच काढले. न्यूमोनिया झाला तर औषध द्या, ऑक्सिजन द्या. पण पुन्हा माणसात येणार नसेन तर यंत्रावर ठेवू नका. हात बांधून नळी घालू नका. दुखलं तर दुखणं थांबवणारं औषध भरपूर द्या. शक्य असेल तर घरी, खिडकीजवळच्या पलंगावर. आणि पाचवा मुद्दा: 'यावर दोघा भावंडांनी भांडायचं नाही.' मुलगी पुण्यात, मुलगा न्यू जर्सीला. त्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. तो पहिल्यांदा चिडला. 'आई, तू आत्ताच हे काय बोलतेस?' तिने त्याला विचारलं, 'मग केव्हा बोलू?' त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी त्यानेच फोन करून विचारलं, कायदेशीर कागद कसा करायचा?

तर कायदा सांगतो. याची वाट मुंबईतूनच गेली आहे. केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 साली कामाच्या ठिकाणीच क्रूर हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. 2015 मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, सेवा थांबली नाही. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांच्या अंगावर बेडसोअर नव्हता. मघाशी दोन तासांनी कूस बदलायचं बोललो ना, ते बेचाळीस वर्षं करणं म्हणजे काय याचा विचार करा. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याबाबतचा दयामरणाचा अर्ज फेटाळला, सांभाळणाऱ्या परिचारिकांचं म्हणणं मानलं. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की काही परिस्थितीत, कडक तपासणीनंतर, कृत्रिम उपचार थांबवता येऊ शकतात.

पुढे 9 मार्च 2018 रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की सन्मानाने मरण येणं हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सज्ञान व्यक्तीला वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल, करता येईल. तेव्हाची पद्धत फार किचकट होती, मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी 2023 मध्ये ती सोपी झाली. आता काय लागतं ते लिहून घ्या.

वय अठरा पूर्ण, मन शाबूत, कोणाचा दबाव नाही. इच्छा स्पष्ट शब्दांत लेखी. कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नकोत किंवा थांबवावेत ते नेमकं लिहायचं, 'जास्त काही करू नका' असं मोघम नको. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्या जवळच्या नातेवाइकांची किंवा पालकांची नावं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात. दोन सज्ञान साक्षीदारांसमोर सही, साक्षीदार शक्यतो त्रयस्थ असावेत. आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. प्रत घरच्यांना, फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांना, आणि एक महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मी बँकेतला माणूस, पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडत नाही. तुम्हीही सोडू नका. मत बदललं तर लेखी कळवून हे पत्र कधीही बदलता किंवा रद्द करता येतं. गोव्यात 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवलं. न्यायाधीश जे करतात ते आपण करायला संकोच नसावा.

हा कागद केला म्हणजे हॉस्पिटल आपल्याला वाऱ्यावर सोडेल, अशी भीती वाटते. तसं नाही. रुग्ण बोलू शकतो, निर्णय घेऊ शकतो, तोवर कागद कपाटात. तेव्हा त्याचा शब्दच चालतो. तो बोलू शकत नसेल आणि आजार बरा होण्याची आशा उरली नसेल, तेव्हाच हा कागद बाहेर येतो. त्यानंतरही आधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं एक मंडळ बघतं, मग दुसरं मंडळ बघतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला डॉक्टर असतो. शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं असतं. अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटना कळवावं लागतं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येतं. आणि इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं याला आपल्या कायद्यात परवानगी नाही. हा प्रश्न फक्त यंत्राने लांबवण्याचा आहे. वेदनाशमन, स्वच्छता, ओठ ओले ठेवणं, जवळ बसणं हे काहीही थांबत नाही. उलट तेव्हाच शुश्रूषेचं खरं काम सुरू होतं.

2024 च्या शेवटी तिला वर्षातला तिसरा न्यूमोनिया झाला. ॲडमिट केलं, औषधं, ऑक्सिजन सगळं दिलं. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता व्हेंटिलेटर लागेल, पण तो काढता येईल असं वाटत नाही. मुलगा विमानतळावरून थेट आला होता. दोन वर्षं आईला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो हादरला होता, आणि 'सगळं करा' हे शब्द त्याच्या ओठांवर होते. ते मला दिसत होते आणि त्याचा मला राग आला नाही. मुलीने पिशवीतून फाईल काढून त्याच्या हातात दिली. त्याने आईची सही बघितली. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक बारीक होत जातं, तशी ती मुंगीएवढी सही. तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, 'आईने सांगितलंय तसं करू.' नियमाप्रमाणे तपासणी झाली, दोन दिवस गेले, आणि आम्ही तिला घरी आणलं. अकरा दिवस ती खिडकीजवळ होती. घरी येणाऱ्या नर्सबाई दिवसातून दोनदा यायच्या, दम लागू नये म्हणून औषध द्यायच्या. मुलाने आईची कूस बदलायला शिकून घेतली. रात्रीची पाळी त्याने स्वतःकडे घेतली. तो अमेरिकेला परत गेला तेव्हा रडत गेला, पण पश्चात्ताप घेऊन गेला नाही. एका कागदाने इतकं काम केलं.

आता समितीने दिलेला विषय, थोडक्यात.

एक: बहुतेकांचा समज आहे की मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलं की आजारपणात तो सगळं बघेल. आपल्या करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणारा भानावर राहिला नाही की ते पत्र संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ते निकामी. त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी घरच्यांना उच्च न्यायालयात जावं लागल्याची उदाहरणं आहेत. म्हणून घरखर्चाचं आणि औषधपाण्याचं निदान एक खातं जोडीदाराबरोबर किंवा मुलांबरोबर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने संयुक्त ठेवा.

दोन: हात थरथरतो म्हणून सही जुळत नाही, अशी अडचण पार्किन्सनमध्ये येतेच. आजारी खातेदाराच्या अंगठ्याचा ठसा बँकेला ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. सत्तरीच्या पुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना 2017 पासून आहेत. शाखेत जाऊन शांतपणे मागा. रुग्णाला उचलून शाखेत नेऊ नका.

तीन: नामनिर्देशन. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊन वारसांना पोचवणारा विश्वस्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. म्हणून नॉमिनेशनही हवं आणि मृत्युपत्रही हवं. आणि मृत्युपत्र वेगळं, वैद्यकीय इच्छापत्र वेगळं. पहिलं आपण गेल्यावर वाचतात, दुसरं आपण असताना.

माझी समितीला तीन मागण्या आहेत. प्रत्येक घराच्या दाराआड एक कागद लावायचा: आजार, औषधं, डॉक्टर, जवळचा नातेवाईक. वॉचमनलाही माहीत हवं की तो कुठे आहे. दुसरी, महिन्यातल्या एका रविवारी एखाद्या नर्सबाईंना बोलावून कूस बदलणं, भरवणं, उचलणं हे प्रत्यक्ष शिकवायचं, आणि त्याला पुरुषांनी यायचंच. तिसरी, आजारी माणसाच्या घरी दोन तास बसण्यासाठी स्वयंसेवकांची यादी. माझं नाव आधी लिहा. मंगळवार आणि शुक्रवार मला चालतील.

आणि तुम्हा सगळ्यांना एक गृहपाठ. या आठवड्यात एके दिवशी जेवणानंतर टीव्ही बंद करा आणि घरच्यांना सांगा: मी बोलू शकलो नाही तर माझ्या वतीने कोणी बोलावं, मला काय चालेल, काय चालणार नाही, आणि मला कुठे असायला आवडेल. मुलं म्हणतील, 'बाबा, काय हे अभद्र!' म्हणू द्या. वकिलाचा, डॉक्टरांचा सल्ला घेऊन कागद नंतर होईल. बोलणं मात्र आधी झालं पाहिजे, आणि ते आवाज शाबूत असताना झालं पाहिजे. मी माझं बोलून, लिहून, पोच घेऊन ठेवलं आहे. फाईल निळी आहे, कपाटाच्या वरच्या खणात. आता तर सगळ्या सोसायटीलाच माहीत झालं!

बाहेर चहा आणि बटाटेवडे तयार आहेत. ज्यांना गोड चालत नाही त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळ्या किटलीत आहे, तेवढं बघून घ्या.